मुंबईबरोबर हुंड्यात गेलेलं तांजिअर इंग्रजांनी सोडलंच नसतं तर?

गलबतवाला

मुंबई हुंड्यात गेली हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याच करारात, त्याच नवरीबरोबर आणखी एक बंदर गेलं होतं, त्याची मात्र कुणी आठवण काढत नाही. जून १६६१ मध्ये इंग्लंडचा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या लग्नाचा करार झाला. वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी) रोख, व्यापाराच्या सवलती, मुंबई आणि तांजिअर. तांजिअर म्हणजे मोरोक्कोचं उत्तरेचं टोक, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या अगदी तोंडावर. पोर्तुगीजांनी ते १४७१ मध्ये घेतलेलं.

त्या काळी लंडनमध्ये कौतुक होतं ते तांजिअरचं, मुंबईचं नव्हे. भूमध्य समुद्राची किल्लीच हातात आली असं मानत होते. जानेवारी १६६२ मध्ये फौज उतरली, १६६८ मध्ये शहराला सनद देऊन महापौर बसवला, बंदराला लाटांपासून आडोसा म्हणून समुद्रात लांबलचक बांध घालायला घेतला. आणि फेब्रुवारी १६८४ मध्ये तटबंदी आणि बांध सुरुंगांनी उडवून मंडळी जहाजात बसून परत गेली. बावीस वर्षांत खेळ खलास.

दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा डोक्यात घोळतेय. तीत इंग्रज जात नाहीत. आजचं तांजिअर हा उत्तर आफ्रिकेतला चिमुकला देश आहे. नाण्यावर इंग्लंडचा राजा, मशिदीतून अजान, टपरीवर पुदिन्याचा चहा, कोर्टात केसांचे टोप घातलेले वकील. हे वाचकाला पटायचं तर इतिहासातली कुठली खुंटी हलवावी? माझं मत असं की सगळा प्रश्न पैशाचा होता. पार्लमेंटने हात सैल सोडला असता तर तांजिअर टिकलं असतं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खवचट_पुणेकर

आत्याबाईला मिशा असत्या तर... चालू द्या.

मनीमाऊ

रुमाल टाकून ठेवतेय. दोन-दोन बंदरं मिळूनही सासरचे कुरकुरत होते का हो?

गलबतवाला

कुरकुरणारच. पोर्तुगालच्या तिजोरीत एवढी रोकड नव्हतीच. नवरीला न्यायला लॉर्ड सँडविच आरमार घेऊन लिस्बनला गेला, तर राजमातेने निम्म्या रकमेपोटी साखर, मसाले असा माल पुढे केला. बिचारा वाण्याच्या दुकानात अडकल्यासारखा झाला.

मनीमाऊ

हसून हसून पुरेवाट! "रोख नाही, साखर घ्या" हे आमच्या एका मामेबहिणीच्या लग्नात जवळजवळ असंच झालं होतं, पण ते इथे नको. 😀

कोकणकडा

तांजिअर जाऊ दे, मुंबई तरी कुठे सुखासुखी मिळाली? सर अब्राहम शिपमन चारेकशे शिपाई घेऊन १६६२ मध्ये आला, तर पोर्तुगीजांचा आंतोनियो दि मेलो ई कास्त्रो म्हणाला, तुझी कागदपत्रं नीट नाहीत. मग ही फौज कुठे राहिली? कारवारजवळच्या अंजदीव बेटावर. उघडं बेट, पावसाळा, खाण्यापिण्याचे हाल, तापाच्या साथी. शिपमन १६६४ मध्ये तिथेच वारला. फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुकने मुंबई ताब्यात घेतली तेव्हा शंभराच्या आसपास माणसं उरली होती. अंजदीव आता नौदलाकडे आहे, कारवारच्या किनाऱ्यावरून दिसतं. आमच्या आजोळच्या लोकांना ते तिथल्या चर्चमुळे माहीत, शिपमनचं नाव कुणी ऐकलेलं नाही.

दि मेलो ई कास्त्रोने आपल्या राजाला कळवलं होतं की इंग्रज मुंबईत बसले की हिंदुस्थान हातचा गेला म्हणून समजा. तांजिअरबद्दल अशी भीती लिस्बनमध्ये फार कुणाला वाटली नसावी. नुसता खर्च करायला लावणारं ठाणं होतं ते. आपल्या गळ्यातली धोंड जावयाच्या गळ्यात.

आबा_सातारकर

धागाकर्त्याशी असहमत. पैसा हे निमित्त. खरी गोष्ट शेजाऱ्याची आहे.

मुंबईभोवती त्या काळात कोण होतं बघा. मोगल, महाराज, जंजिऱ्याचा सिद्दी, वसईला पोर्तुगीज. चौघांची तोंडं चार दिशांना. १६७४ मध्ये राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडन रायगडावर नजराणा घेऊन हजर, आणि सिद्दीचं आरमार पावसाळ्यात मुंबई बंदरात नांगरून. असं दोन्ही डगरींवर हात ठेवून इंग्रजांनी बेट राखलं. तरीसुद्धा १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान मुंबईत उतरलाच आणि मुंबईच्या किल्ल्याला वर्षभर वेढा घालून बसला. शेवटी औरंगजेबापुढे नाक घासून सुटका करून घ्यावी लागली.

तांजिअरलाही सुरुवातीला असंच होतं. मोरोक्कोत एक सत्ता नव्हती, उत्तरेत खादिर घैलान नावाचा सरदार जोरात होता. त्याच्याशी कधी तह, कधी मारामारी. मे १६६४ मध्ये गव्हर्नर अर्ल ऑफ टेव्हियट तटाबाहेर पडला आणि दबा धरून बसलेल्यांच्या तावडीत सापडला. तो आणि बरोबरचे चारशेच्या वर लोक गारद. पण १६७२ मध्ये मौलाय इस्माईल गादीवर आला आणि त्याने सगळा देश मुठीत आणला. पंचावन्न वर्षं राज्य केलं त्याने. त्याला आपल्या दारात परकी ठाणी नको होती. १६८० मध्ये त्याच्या लोकांनी तटाबाहेरच्या बुरुजांना असं जेरीस आणलं की चार्ल्स फोर्टमधल्या इंग्रजांना आपलाच किल्ला उडवून शहराकडे पळत सुटावं लागलं. पुढे मोरोक्कोतलं लाराश बंदरही त्याने स्पॅनिशांकडून काढून घेतलं, १६८९ मध्ये.

असा शेजारी असल्यावर पार्लमेंटने पोतं रिकामं केलं असतं तरी काय होणार होतं?

खवचट_पुणेकर

आबा, मग मोरोक्कोच्याच किनाऱ्यावरची स्यूटा आणि मेलिया ही शहरं स्पेनकडे आजतागायत कशी? स्यूटाला तर याच इस्माईलने वेढा घालून तीस वर्षं काढली. नाही पडलं.

आबा_सातारकर

स्यूटा जवळजवळ समुद्रात घुसलेली चिंचोळी जमीन आहे. जमिनीकडून येणारा रस्ता अरुंद, तो अडवला की झालं. तांजिअरच्या डोक्यावर टेकड्या आहेत. टेकडीवर तोफ चढवली की खालचं शहर उघडं.

रात्रपाळी

गाड्यांच्या कारखान्याच्या कामानिमित्त तांजिअरला राहून आलोय, म्हणून दोन आणे. आबा म्हणतात ते अगदी बरोबर. जुन्या शहराचा सगळ्यात उंच भाग म्हणजे कसबा. तिथून उत्तरेला पाहिलं की समुद्रापलीकडे स्पेन स्वच्छ दिसतो, फेरीने तासाभरात तरीफाला पोचता येतं. पण पाठ फिरवली की लगेच चढ सुरू. तटापासून टेकड्यांपर्यंत दम खायलाही जागा नाही.

आणि वारा! पूर्वेकडचा वारा सुटला की दिवसचे दिवस थांबत नाही. खिडक्या वाजत राहतात, दोरीवरचे कपडे शेजाऱ्याच्या गच्चीत, फेऱ्या रद्द. आमच्या घराची मालकीणबाई त्या दिवसांत कुणाशी भांडायची नाही, म्हणायची वाऱ्यामुळे माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं. त्या उपसागरात आडोसा नसताना शिडाची जहाजं कशी उभी राहत असतील देव जाणे. त्या इंग्रजी बांधाचं एवढं का मनावर घेतलं होतं ते तिथे राहिल्यावर कळतं.

ठोकळेबाज

अखेर माझा विषय आला! आयुष्य बंदरांच्या कामात गेलं, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

किनाऱ्यावरून समुद्रात बांध काढत न्यायचा आणि त्याच्या आत जहाजांना शांत पाणी मिळवून द्यायचं, अशी कल्पना. काम सर ह्यू चोमली या यॉर्कशायरच्या जमीनदाराकडे. त्याने आधी आपल्या व्हिट्बी गावात बंदराचं काम केलेलं, तिथून गवंडी-पाथरवट घेऊन गेला. तांजिअरजवळ ज्या खाणीतून दगड काढायचे त्या जागेलाही व्हिट्बीच नाव दिलं. त्याची पद्धत साधी: दगड टाकत पुढे जायचं, वर बांधकाम करायचं. अडचण अशी की उन्हाळ्यात जेवढं पुढे जावं त्यातलं बरंच हिवाळ्यातलं एखादं वादळ घेऊन जायचं. रोज मोजायची ती लांबी, आणि समुद्र हिशेब करतो वजनाचा.

मग हेन्री शीअर्स आला. त्याने जिनोआच्या धर्तीवर प्रचंड लाकडी पेट्या बुडवायला सुरुवात केली. पेटी तरंगत जागेवर न्यायची, बुडवायची, आत दगड आणि चुना भरून एकसंध ठोकळा करायचा. आज आपण काँक्रीटचे केसॉन बुडवतो त्याचाच पणजोबा. हे टिकलं. शेवटी चौदाशे फुटांच्या वर लांबी झाली आणि खर्च तीन लाख पौंडांच्या पुढे गेला. त्या काळातले तीन लाख बरं का.

गंमत पुढे आहे. १६८३ मध्ये लॉर्ड डार्टमथ सगळं पाडायला आला तर हे पडेना! महिनोन् महिने सुरुंग लावत बसले. अवशेष मुद्दाम बंदराच्या तोंडात ढकलले, म्हणजे दुसऱ्या कुणालाही ते वापरता येऊ नये. कंत्राटदाराला याहून मोठं प्रशस्तिपत्रक मिळत नसतं.

तर गलबतवाला, तुमच्या कथेत हा बांध पुरा झालेला दाखवा एवढीच विनंती.

टोपणनाव_सुचत_नाही

+१. ठोकळेबाज काकांनी स्वतंत्र लेख लिहावा.

सानिका_द

पैशाबद्दल. पार्लमेंट कंजूष होतं म्हणून पैसे अडले असं नाहीये, ते घाबरलेलं होतं. चार्ल्सचा भाऊ जेम्स उघड कॅथलिक, पुढचा राजा तोच. तांजिअरच्या फौजेत आयरिश कॅथलिक शिपाई आणि अधिकारी बरेच. खासदारांना वाटायचं की आपल्याच पैशाने पोसलेली ही फौज उद्या जेम्स लंडनवर आणेल. म्हणून १६८० मध्ये कॉमन्सने, म्हणजे पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने, सरळ सांगितलं, आधी जेम्सला वारसाहक्कातून दूर करा, मग तांजिअरचं बघू. राजा हटला नाही, पैसे आले नाहीत.

आणि ती भीती अगदीच खुळी नव्हती. १६८४ मध्ये परत आलेल्या पलटणी चार्ल्सने आपल्या सैन्यात ठेवून घेतल्या. पुढच्याच वर्षी जेम्स राजा असताना त्याच्याविरुद्ध ड्यूक ऑफ मनमथचं बंड झालं, तेव्हा कर्नल कर्कची तांजिअरवाली पलटण सेजमूरच्या लढाईत होती. बंडखोरांवर तिने केलेले अत्याचार त्या भागात पिढ्यान् पिढ्या लक्षात राहिले.

म्हणजे कथेत पैसे वाढवायचे तर आधी जेम्सचा धर्म बदलावा लागेल. मग जेम्सला गादीवरून घालवणारी १६८८ ची क्रांतीही जाते. एक धागा ओढलात की अख्खा स्वेटर उसवतोय.

मीठभाकरी

मला एक कळत नाही, एवढी डोकेफोड कशाला? असा देश खरोखर आहे की. माल्टा. भाषा अरबी कुळातली, घरं उत्तर आफ्रिकेतल्यासारखी सपाट गच्चीची, दीडशे वर्षं ब्रिटिश राजमुकुटाखाली. १९५६ मध्ये तर तिथे ब्रिटनमध्येच विलीन व्हायचं का यावर सार्वमत झालं आणि मत देणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोक हो म्हणाले. वेस्टमिन्स्टरमध्ये माल्टाचे तीन खासदार बसायचे होते. पैशावरून फिसकटलं, १९६४ मध्ये स्वतंत्र झाले.

आबा_सातारकर

माल्टा कॅथलिक आहे आणि बेट आहे. तुलना बसत नाही.

मीठभाकरी

आबा, तुम्हाला कुठलीच तुलना बसत नाही.

खवचट_पुणेकर

सगळेच राजमुकुट काढताय तर सिसिलीच्या रॉजरला का विसरता? दुसरा रॉजर, नॉर्मन. ११४६ मध्ये त्रिपोली, ११४८ मध्ये महदिया घेतली. आजच्या ट्युनिशियाचा किनारा आणि लिबियाचा तुकडा त्याच्या हाताखाली. ११६० पर्यंत मोरोक्कोच्या अल्मोहाद घराण्याने सगळं काढून घेतलं. बारा-चौदा वर्षं. इंग्रजांनी निदान बावीस काढली.

मनीमाऊ

नॉर्मन ट्युनिशियावर वेगळा धागा काढा ना प्लीज. राजवाड्यात अरबी बोलणारा ख्रिस्ती राजा, मला तेच जास्त रोचक वाटतंय.

टोपणनाव_सुचत_नाही

तांजिअर म्हटल्यावर मला एकच आठवतं. ऑगस्ट २००२, मोरोक्को कप! श्रीलंका, पाकिस्तान, दक्षिण आफ्रिका. श्रीलंका जिंकली. तांजिअरला खरोखर क्रिकेटचं मैदान आहे हो. तुमच्या कथेत ते कसोटी खेळणारं राष्ट्र दाखवा.

रात्रपाळी

मैदान आहे, पण टॅक्सीवाल्याला "क्रिकेट" म्हटलं तर तो फुटबॉलच्या स्टेडियमवर नेऊन सोडतो.

कोकणकडा

अवांतर होतंय खरं, पण इब्न बतूता तांजिअरचाच. १३०४ चा जन्म. हिंडत हिंडत दौलताबादला आला, नंदुरबारलाही गेला आणि तिथल्या मराठा लोकांबद्दल लिहून ठेवलं. म्हणजे तांजिअर-महाराष्ट्र संबंध कॅथरिनच्या आधी तीनशे वर्षांचा आहे, हुंड्याशिवायचा.

निशिगंधा_

सगळे प्रतिसाद वाचले. छान आहेत, पण एक खटकतंय. एवढ्या चर्चेत तिथले लोक कुठे आहेत? राजा, पार्लमेंट, सुलतान, इंजिनिअर. गलबतवाला यांच्या कथेत मशिदीतून अजान येते म्हणे. कुणाच्या मशिदीतून?

इंग्रजांच्या ताब्यातलं तांजिअर म्हणजे तटाच्या आतलं एक छावणीवजा गाव. पोर्तुगीज रहिवासी बहुतेक सगळे १६६२ मध्येच निघून गेले. उरले शिपाई, दारूचे गुत्ते, थोडे व्यापारी, थोडे ज्यू. सॅम्युअल पेपिस हा तांजिअरच्या कारभाराचा खजिनदार. वर्षानुवर्षं लंडनमध्ये बसून तिथल्या हिशेबावर सह्या केल्या, गाव डोळ्यांनी पाहिलं ते १६८३ मध्ये, पाडायला आलेल्या डार्टमथबरोबर. मोहिमेचा हेतूही त्याला जहाजावर चढल्यानंतर कळला. घरमालकांना नुकसानभरपाई किती द्यायची ते ठरवायला त्याला बसवलं होतं. त्याच्या रोजनिशीत गावातल्या बेशिस्तीबद्दल, कर्कच्या वागण्याबद्दल मनसोक्त शिव्या आहेत, आणि ढेकणांनी रात्रभर फोडून काढल्याची तक्रार आहे.

आज जे तांजिअर आहे ते त्यानंतर वसलं. वेढा घालणारा अली बिन अब्दल्ला आणि त्याचा मुलगा अहमद यांनी ते पुन्हा उभं केलं, रीफच्या डोंगरातले लोक आणून वसवले. इंग्रज गेलेच नसते तर हे लोक गावात आलेच नसते. मग तुमचा पुदिन्याचा चहा कोण करणार?

गलबतवाला

निशिगंधा, हा मुद्दा मी अजिबात धरला नव्हता हिशेबात. एक पळवाट सुचतेय. इंग्रजी बंदर टिकलं असतं तर कामाला माणसं लागली असती, धान्य लागलं असतं, डोंगरातले लोक हळूहळू तटाला लागून वसले असते. मुंबईत नाही का कोळ्यांच्या बेटावर पारशी, भंडारी, गुजराती, घाटी सगळे येऊन राहिले?

निशिगंधा_

मुंबईत आले कारण तिथे पोट भरत होतं. तुमच्या तांजिअरमध्ये काय विकतात?

सानिका_द

हाच खरा प्रश्न आहे. आणि याचं उत्तर १६६८ मध्ये आहे असं मला वाटतं. गलबतवाला यांनी धाग्याच्या सुरुवातीला तो आकडा लिहिलाय आणि पुढे निघून गेलेत.

त्या एका वर्षात चार्ल्सने हुंड्यातल्या दोन्ही बंदरांची व्यवस्था लावली. मार्चमध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली, वर्षाला दहा पौंड भाड्याने. त्याच वर्षी तांजिअरला महापौर, नगरपालिका, सनद. मुंबईचा खर्च सुरतेच्या व्यापारावर जगणाऱ्या कंपनीच्या वहीत गेला. मग कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर याने व्यापारी बोलावले, त्यांना धर्माची मोकळीक दिली, कोर्ट बसवलं, कारण बेटाने स्वतःचा खर्च काढला नाही तर भागधारक विचारणार होते. तांजिअरचा खर्च राजाच्याच बोकांडी राहिला, आणि तिथल्या महापौराला विकायला काही नव्हतं. बार्बरीच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या, किनाऱ्याशी व्यापार करणारे इंग्रज व्यापारी आधीपासून मोरोक्कोतल्याच तेतुआनला, सालेला जात होते. वेढा पडलेल्या गावात कोण माल घेऊन येणार?

म्हणून पैसा की शेजारी हा वाद मला खोटा वाटतो. शेजाऱ्याशी व्यापार नव्हता, म्हणून पैसा नव्हता. व्यापार असता तर कदाचित इस्माईललाही ते ठाणं ठेवणं परवडलं असतं.

आबा_सातारकर

शेवटचं वाक्य पटत नाही. सुलतानाला जिहादचा मान हवा होता. जकातीवर समाधान मानणारा गडी नव्हता तो.

सानिका_द

आबा, हाच इस्माईल आणि त्याच्यानंतरचे सुलतान १७०४ नंतर काय करत होते बघा. इंग्रजांनी जिब्राल्टर घेतलं, त्या खडकावर ना शेती ना गुरं. त्यांना धान्य, मांस, बांधकामाचं सामान मोरोक्कोतूनच येत होतं, तेतुआन आणि तांजिअरहून. इंग्रज समुद्रापलीकडे गेले आणि चांगलं गिऱ्हाईक झाले.

आबा_सातारकर

समुद्रापलीकडे गेल्यावर झाले ना? तेच म्हणतोय मी.

खवचट_पुणेकर

हे दोघं आता १७२७ मध्ये इस्माईल मरेपर्यंत थांबत नाहीत. 🍿

ठोकळेबाज

एक शंका. तांजिअर हातात असतं तर १७०४ मध्ये जिब्राल्टर घ्यायची गरजच काय होती? बंदर होतं, बांध होता. म्हणजे तुमच्या जगात जिब्राल्टर स्पेनकडेच, आणि स्पेन आज बोंब मारतोय ती खडकावरून नव्हे.

रात्रपाळी

मग माझ्या मते १९०५ मध्ये जर्मनीचा कैसर विल्हेल्मही तांजिअरला उतरून भाषण ठोकणार नाही, आणि १९२३ ते १९५६ चं, अनेक देशांनी मिळून चालवलेलं आंतरराष्ट्रीय तांजिअरही नाही. हे मात्र नुकसान. हेर, चोरटे व्यापारी, तऱ्हेतऱ्हेच्या टपाल कचेऱ्या आणि नोटा, कथेला तो काळ जास्त चविष्ट आहे. इंग्रजी राजवटीतल्या तांजिअरमध्ये रविवारी सगळं बंद असेल.

गलबतवाला

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. वळण १६६८ मध्येच घेतोय. पार्लमेंटला हातच लावत नाही, जेम्सही कॅथलिकच राहू दे. फक्त त्या वर्षी चार्ल्स तांजिअरही एका व्यापारी कंपनीला भाड्याने देतो. कंपनी पहिलं काम करते ते घैलानशी भागीदारीचं, मेण, कातडी आणि धान्य यांच्यावर. १६७२ मध्ये इस्माईल येतो तेव्हा डोंगरातल्या निम्म्या टोळ्यांचं पोट बंदरावर चालतंय, म्हणून वेढा पडतो पण मोडतो, आणि तो मोडतात तटाबाहेर राहणारे रीफी हमाल. कथेचा नायक त्यांच्यातल्याच एकाचा वंशज. बांध पुरा आहे, ठोकळेबाज काका. क्रिकेटही ठेवलंय.

आबा_सातारकर

इस्माईल एवढ्यावर सोडणार नाही. तो आधी घैलानला उडवेल. खरंही तेच झालं होतं, १६७३ मध्ये लढाईत मारला गेला घैलान. तुमच्या कंपनीचा भागीदार पाचव्या वर्षी मेला, पुढे?

निशिगंधा_

त्याची बायको किंवा मुलगी चालवेल भागीदारी. तेवढ्यासाठी अडू नका. कथेत अजून एकही बाई नाहीये, हुंडा आणणारी सोडून.

खवचट_पुणेकर

कंपनीला भाडं किती लावताय? दहा पौंड फार स्वस्त होतात. वर साखरही मागा.